शिस्तकाकांची परीक्षा

मंगळवार, ९ एप्रिल

चिरंजीव बयो,

एक गंभीर तक्रार आहे. उभ्या उभ्या वाचू नकोस, खुर्ची ओढून घे.

आज सकाळी भर कचेरीत मला दोषी ठरवण्यात आलं. दोष असा, की माझ्या एका ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली होती. अक्षर नव्हे, चिन्ह नव्हे, जागा. ती डोळ्यांना दिसत नाही, छापली तर उमटत नाही आणि तिच्यामुळे एकाही रुग्णाला चुकीचं रक्त जाणार नाही. अभाव हासुद्धा एक पदार्थ आहे असं मानणाऱ्या शास्त्रात मी शिकलो खरा. पण त्या पदार्थाबद्दल लाल अक्षरांत शिक्षा होते, हे आमच्या गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

शिक्षा करणारा माणूस असता तर भांडलो असतो. पण ते यंत्र आहे, म्हणजे यंत्रातलं एक साधन. कोडची शैली आपोआप तपासणारं साधन प्रकल्पात येणार, ही सूचना तुझ्यापर्यंत आली असेलच. रक्तपेढ्यांचा साठा सांभाळणारी आपली प्रणाली आता एवढी पसरली आहे की ती लिहिणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत. कुणाची ओळ इतकी लांब की वाचताना मान फिरवावी लागते. कुणाचे कंस उघडतात ते बंद व्हायचं नाव घेत नाहीत. म्हणून ठरलं, की यापुढे या साधनाने 'ठीक' म्हटल्याशिवाय कुणाचीही ओळ आत येणार नाही. त्याचं अधिकृत नाव लांबलचक आहे. कचेरीत सगळे त्याला शिस्तकाका म्हणतात.

आणि या शिस्तकाकांची परीक्षा घ्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. चुका काढणाऱ्याच्या चुका काढायच्या. या धंद्यात मला तूच आणलंस, हे विसरू नकोस. कॉलेजातल्या संस्कृत विभागाला कुलूप लागलं तेव्हा तूच म्हणाली होतीस, "बाबा, आयुष्यभर लोकांच्या चुका फुकट काढल्यात, आता पगार घेऊन काढा."

काल माझ्या फाइलवर 'कंस नीट लावा' असा तुझा शेरा आला. कंस लावला. फोन तू उचलत नाहीस, मेलला उत्तर देत नाहीस. त्यामुळे माझी फाइल तू तपासायची, तुझी मी तपासायची आणि बाजूला दोन शब्द लिहायचे, एवढंच आपलं बोलणं उरलंय. त्याबद्दल तक्रार करत नाही. आजची तक्रार वर करून झाली आहे.

तुझा,
बाबा


शुक्रवार, १२ एप्रिल

बयो,

डोकं फिरायची वेळ आली आहे.

शिस्तकाकांच्या नियमांत एक नियम असा, की कशालाही एकाक्षरी नाव द्यायचं नाही. नावावरून वस्तू कळली पाहिजे. नियम उत्तम. मी टाळ्या वाजवल्या. मग काकांना आपल्या खऱ्या कोडवर सोडलं आणि त्यांनी सगळा पडदा लाल करून टाकला. कारण काय, तर 'ए', 'बी' आणि 'ओ' ही नावं फार आखूड आहेत.

रक्तगट, बयो! रक्तपेढीच्या प्रणालीत रक्तगटांची नावं चालत नाहीत!

लगेच बैठक. आमच्या प्रमुखांना तू पडद्यावर पाहिलं आहेस. काहीही सांगितलं की "झालंच!" म्हणतात, म्हणून त्यांच्या मागे सगळे त्यांना 'झालंच' म्हणतात. माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, उत्साहाने बरेच मोठे. ते म्हणाले, "त्यात काय! 'ओ'ला 'ओगट' म्हणायचं. तीन अक्षरं. झालंच!"

काकांना ज्यांनी घडवलं त्या बाई तिथेच बसल्या होत्या. त्यांना मी कर्त्या बाई म्हणतो. चष्मा डोक्यावर, राग नाकावर. त्या म्हणाल्या, "आणि दवाखान्यातली नर्स विचारेल, तेव्हा तिला काय सांगू? आमच्या काकांना तुमचं रक्त आखूड वाटतं?"

"मग तुमच्या काकांना समजवा."

"काका माझे नाहीत. नियम तुम्ही दिलेत."

"नियम समितीने दिलेत."

"समितीत कोण होतं?"

झालंच यांनी छताकडे पाहिलं. समितीत ते एकटेच होते.

शेवटी या तीन अक्षरांना सूट द्यायचं ठरलं. मी हळूच म्हणालो, "सूट रक्तगटालाच राहील असं बघा, नाही तर अपवादच नियमाला खाईल." झालंच म्हणाले, "सर, तुम्ही फार खोलात जाता." सूट सरसकट दिली. दुसऱ्या दिवशी काय झालं असेल? ज्यांना ज्यांना नाव सुचवायचा कंटाळा येतो त्या सगळ्यांनी आपापल्या वस्तूंना 'ओ' म्हणायला सुरुवात केली. पिशव्यांची संख्या 'ओ', शीतपेटीचं तापमान 'ओ', एका पठ्ठ्याने तर रक्तदात्यालाच 'ओ' केलं. काका सगळ्यांना मान डोलावून आत सोडत होते. दोन दिवस गेले ते निस्तरण्यात, आणि "उशीर का होतोय?" ही विचारणा मलाच.

घरी आलो तर तुझ्या आत्याचा फोन. तिला माझ्या कामातलं काही कळत नाही आणि माझ्यातलं सगळं कळतं.

"लेकीशी बोललास?"

"बोलतो की. परवाच तिने कंस नीट लावायला सांगितलं."

"दादा, मी माणसाच्या बोलण्याबद्दल विचारतेय."

"माणसांचं बोलणं तुझ्या वहिनीकडे होतं," मी म्हणालो. "ती गेली, खातं बंद झालं."

"हीच. हीच तुझी खोड. पोरीने एवढं 'माझ्याकडे राहायला या' म्हटलं, तेव्हाही तू असंच काहीतरी बोललास."

काय बोललो होतो ते तुला पाठ असेल. "तुझ्याकडे बाल्कनी लहान, माझा अहंकार मोठा, मावणार नाही." मला ते बरं वाक्य वाटलं होतं. तू म्हणालीस, "तुम्हाला काही सांगायचं म्हणजे आधी तुमची कोटी संपायची वाट बघायची," आणि फोन ठेवलास. त्याला वर्ष होत आलं.

असो. काकांना आता रक्तगट कळतात. बाकी काय कळतं ते सोमवारी पाहू.

बाबा


गुरुवार, १८ एप्रिल

बयो,

अभिनंदन कर. नंतर परत घे.

परीक्षा कशी घेतात ते आधी सांगतो, म्हणजे माझा संताप तुला त्याच्या योग्य मापात दिसेल. आमच्या जुन्या टीकाकारांची पद्धत होती: नियम सांगितला की एक उदाहरण द्यायचं, जिथे तो लागतो, आणि एक प्रत्युदाहरण, जिथे तो लागता कामा नये. काकांची परीक्षा मी त्याच चालीने रचली. शुद्ध कोडचे नमुने, ज्यांवर काकांनी गप्प बसायचं. आणि मुद्दाम बिघडवलेल्या कोडचे नमुने, ज्यांवर त्यांनी ओरडायचं. या दुसऱ्या गठ्ठ्याला मी 'दोषसंग्रह' असं भारदस्त नाव दिलं होतं. किती मेहनतीने बिघडवलं होतं ते सगळं! चांगलं लिहिणाऱ्याला वाईट लिहिणं फार जड जातं. प्रत्येक फाइलसमोर अपेक्षित उत्तर: इथे काका ओरडले पाहिजेत, या कारणासाठी.

काल सगळं हिरवं झालं. एकही परीक्षा नापास नाही. झालंच यांनी पेढे वाटल्यासारखा चेहरा करून सर्वांना मेल पाठवला: शिस्तकाका सोमवारपासून दारावर उभे राहणार. माझी पाठ थोपटली. मीही थोपटू दिली.

आज एक नवीन दोष सुचला म्हणून दोषसंग्रह उघडला, तर आत एकही दोष नाही! माझ्या वाकड्या ओळी सरळ. माझे न मिटलेले कंस मिटलेले. ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा पुसलेल्या. सगळं कसं न्हाऊमाखू घातलेल्या पोरांसारखं.

चौकशी केली. झालंच यांनी परवा काकांना 'आपोआप दुरुस्ती' करायला सांगून सगळ्या प्रकल्पावरून फिरवलं होतं. सगळ्या म्हणजे सगळ्या. माझा दोषसंग्रहही त्यातच. काकांनी तो इमानेइतबारे धुऊन काढला. मग साहजिकच परीक्षा धडाधड नापास झाल्या, कारण ओरडायला काही उरलंच नव्हतं. तेव्हा झालंच यांनी आणखी एक बटण दाबलं: अपेक्षित उत्तरं नव्याने भरा. यंत्राने भरली. अपेक्षा: काका काही बोलणार नाहीत. प्रत्यक्षात: काका काही बोलले नाहीत. उत्तीर्ण!

मी त्यांच्या टेबलाशी गेलो. "विद्यार्थ्याने प्रश्नपत्रिका खोडली, उत्तरपत्रिका कोरी दिली, आणि आपण त्याला पहिला नंबर दिला," मी म्हणालो.

"पण सर, हिरवं आहे ना?"

"हिरवं आहे."

"मग?"

"झोपलेला पहारेकरीसुद्धा 'सगळं शांत आहे' असंच सांगतो."

कर्त्या बाई मागून म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, नमुन्यांच्या फोल्डरला हात लावू नका म्हणून."

"मला वाटलं, नमुने म्हणजे चांगले नमुने," झालंच म्हणाले. त्यांचा चेहरा बघून पुढचं वाक्य मी गिळलं. ते अगदी तयार होतं, पण गिळलं.

जुने नमुने मागे जाऊन परत आणता येतात, ते आणले. पण बाई म्हणाल्या, "एवीतेवी थांबलोच आहोत, तर तुमच्या बनावट चुकांपेक्षा लोकांच्या खऱ्या चुका घ्या. मुद्दाम केलेली चूक फार नीटनेटकी असते." खरं आहे. तेव्हा गेल्या काही महिन्यांत लोकांनी पाठवलेलं कोड चाळून नैसर्गिक दोष वेचायचे आणि त्यांतून नवा संग्रह करायचा. काकांचं दारावर उभं राहणं एक आठवडा पुढे गेलं आहे.

सगळे चिडलेले आहेत. मीही चिडलो आहे, असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे तारीख पुढे गेली तेव्हा मला बरं वाटलं. का, ते आज लिहीत नाही.

या आठवड्यात माझ्या एकाही फाइलवर तुझा शेरा नाही. मी एका ठिकाणी मुद्दाम कंस उघडा ठेवला होता. तो दुसऱ्याच कुणी दाखवला. धन्यवाद म्हणावं लागलं.

बाबा


मंगळवार, २३ एप्रिल

बयो,

आज थोडक्यात लिहिणार होतो. जमेल असं दिसत नाही.

दोन दिवस लोकांच्या चुका वेचतो आहे. या कामात माणसं कशी उघडी पडतात! एकजण सोमवारी नीट लिहितो आणि शुक्रवार आला की त्याच्या ओळी घरी पळायला लागतात. एक बाई कोडच्या वर टीप लिहिते ती नवऱ्याला चिठ्ठी लिहिल्यासारखी: 'इथे ठेवलंय, बघून घे, परत विचारू नकोस.' हसलो. बऱ्याच दिवसांनी कामात हसलो.

मग तुझ्या फाइली आल्या.

त्या मी खरं तर शुद्ध नमुन्यांच्या गठ्ठ्यासाठी उघडल्या. तुझं कोड म्हणजे आम्हा टेस्टर लोकांचा उपासाचा दिवस. काही मिळायचं नाही. कोडमधल्या प्रत्येक कामाच्या वर तुझी टीप: हे काय करतं, का करतं आणि कधी करत नाही. पूर्ण वाक्यात, शेवटी पूर्णविराम. मुदत संपलेली पिशवी बाजूला काढायचा भाग तू लिहिलास, तेव्हा त्याच्या वर टीप होती, 'शंका असेल तर पिशवी बाद धरावी. घाईत असलेल्या माणसाला आपण मोह पाडू नये.' मी ती नवीन लोकांना दाखवतो.

फेब्रुवारीपर्यंत सगळं तसंच. त्यानंतर टिपा नाहीत. रोज दोन-चार ओळी तपासताना हे जाणवलं नव्हतं, सलग वाचलं ते आजच. नावं 'तात्पुरतं', 'तात्पुरतं दोन', 'तात्पुरतं शेवटचं' अशा अर्थाची. जागोजाग 'नंतर बघू'. एका कामाच्या वर लिहिलंस, 'हे का चालतं ठाऊक नाही. हात लावू नका.' तू? लहानपणी घड्याळ का चालतं ते कळेना म्हणून ते उघडून ठेवणारी तू?

आणि ओळी. एकीला दुसरी चिकटलेली, मध्ये श्वास घ्यायला रिकामी ओळ नाही. हे मी एकदाच पाहिलं आहे. तुझी आई दवाखान्यात होती तेव्हा. तू रोज फोनवर आम्हाला "इकडे सगळं ठीक" सांगत होतीस, आणि कोडमध्ये तुझ्या ओळी अशाच एकमेकींना धरून उभ्या होत्या. तेव्हा मी या कामात नवा होतो, मला वाटलं होतं तुझी पद्धतच ती. मागाहून तुझं आधीचं आणि नंतरचं वाचलं तेव्हा कळलं.

आता कुणीही दवाखान्यात नाही. निदान मला ठाऊक असलेलं.

काकांना तुझ्या फाइलवर सोडलं. वरपासून खालपर्यंत लाल. सबंध दोषसंग्रह एकट्या तुझ्यावर भागला असता. मी तुझी एकही ओळ घेतली नाही. दुसऱ्यांच्या घेतल्या. परीक्षकाने असा पंक्तिप्रपंच करू नये, हे मला कळतं.

माझा पडदा लाल बघून कर्त्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मुलीचं का?"

"हो."

"मीही पाहिलं होतं मागच्या महिन्यात," त्या म्हणाल्या. "बोलले नाही. नीटच चालतंय सगळं, फक्त दिसायला…" मग धीर देत म्हणाल्या, "काळजी करू नका हो. काका लागले की सगळं आपोआप सरळ होईल. तिच्या मशीनवरच, पाठवायच्या आधी. कुणाला कळणारसुद्धा नाही."

त्यांनी ते चांगल्या मनाने सांगितलं. मी "वा, उत्तम" म्हणालो आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो.

बाबा


शुक्रवार, २६ एप्रिल

बयो,

काका उत्तीर्ण झाले. या वेळी खरोखर. खऱ्या चुकांवर ओरडले, शुद्ध ओळींवर गप्प बसले, रक्तगटांना हात लावला नाही. कर्त्या बाईंनी काम चोख केलं आहे. दुपारी झालंच माझ्याकडे आले आणि पहिल्यांदाच विचारून बोलले, "सर, तुमच्या मते झालंय का?"

एखादी किरकोळ खोट काढली असती तर आणखी आठवडा मिळाला असता. मला असल्या खोटी काढता येतात, आणि त्यांनी विश्वासही ठेवला असता. मी पुन्हा एकदा सगळ्या परीक्षा चालवल्या. मग म्हणालो, "झालं." सोमवारी सकाळी ते दारावर उभे राहतील.

संध्याकाळी तुझ्या आत्याला मीच फोन केला. ती आधी घाबरली, मी आपण होऊन कधी करत नाही म्हणून. तिला सगळं सांगितलं. टिपा, नावं, चिकटलेल्या ओळी. तिला कोड म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "दादा, हे तू मला का सांगतोयस? तिला सांग."

"काय सांगू? तुझ्या ओळींमध्ये रिकामी ओळ नाही, असं?"

"हसवू नकोस मला. तुला जे वाटतं ते सांग."

"तिला आवडणार नाही. म्हणेल, माझ्यावर पाळत ठेवता."

"म्हणू दे. निदान काहीतरी म्हणेल."

म्हणून सांगतो. पाळत म्हण, काहीही म्हण.

वर्षभर तू माझ्याशी बोलली नाहीस, तरी मी फारसा घाबरलो नव्हतो. मला तुझं लिहिणं रोज दिसत होतं. तू एखाद्या गोष्टीला नेमकं नाव दिलंस की मला कळायचं, आज हिची झोप झाली आहे. टीप लांबली की कळायचं, कुणावर तरी चिडली आहे आणि ते सभ्यपणे लिहिते आहे. माझ्या फाइलवरचे तुझे शेरे कोरडे असायचे, पण ते यायचे. एवढ्यावर माझं चाललं होतं. मी तुझ्याकडे राहायला आलो नाही, कारण तुझ्या आईचं घर बंद करायची माझ्यात हिंमत नव्हती. बाल्कनीचा त्यात काही संबंध नव्हता.

सोमवारपासून तुझी प्रत्येक ओळ माझ्यापर्यंत यायच्या आधी सरळ झालेली असेल. कंस मिटलेले, ओळी सुट्या, नावं आणि टिपा ठरलेल्या साच्यातल्या, सगळं माझ्यासारखं, झालंच यांच्यासारखं, सगळ्यांसारखं. ते प्रकल्पासाठी बरोबर आहे, म्हणूनच मी 'झालं' म्हणालो. तपासणी काकांकडे गेली की मला तपासायला तुझं काही उरणार नाही आणि तुलाही माझं. मग तू कशी आहेस हे मला कुठूनच कळणार नाही.

आणि हे नेमकं अशा वेळी होतं आहे, की फेब्रुवारीपासून तुझं काहीतरी बिनसलं आहे. आजारी आहेस, की कामावर कुणी छळतं आहे, की कुणी सोडून गेलं आहे, की नुसतीच एकटी पडली आहेस, मला ठाऊक नाही. मी खूप अंदाज केले आणि कुठलाच मनाला पटला नाही. उद्या सकाळी मी फोन करणार आहे. उचलला नाहीस तर परवा पुन्हा करीन, आणि तेव्हाही नाही उचललास तर निघून तुझ्याकडे येईन.

बये, तू बरी नाहीस, आणि मला फार भीती वाटते आहे.

बाबा